नाव विचारलं, नाव सांगितली

त्यांच्या दारावर पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हतं.

शिसवी चौकट, आत पांढरा रंग दिलेला पत्रा, चार कोपऱ्यांत चार पितळी स्क्रू, आणि मधे काही नाही. पुण्यात माणसं दारावर काय काय लिहितात हे मी वेगळं सांगायला नको. यांनीही लिहिलं होतंच, पण त्या कोऱ्या पाटीच्या खाली, वेगळ्या लहानशा पाटीवर: 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही म्हातारे आहोत, बहिरे नाही.' अक्षर इतकं रेखीव की छापील वाटावं. अगदी नाक लावून पाहिलं तरच ब्रश कुठे उचलला ते कळे. म्हणजे घरात कोणाला लिहिता येत नाही अशातला भाग नव्हता. तरी वरची पाटी कोरी. मी खोली बघायला आलो होतो, आणि त्या कोऱ्या पत्र्याकडे बघता बघता माझ्या हातून बेल दोनदा वाजली.

दार उघडलं. उंच, काटक, साठीचा माणूस. कानावर पेन्सिल.

"दुसरी कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

मी मिरजेहून आलेला, वय वर्षं सत्तावीस, हातात एक बॅग आणि नव्या नोकरीचं पत्र. तोवर कोथरूडमध्ये सहा-सात घरमालक बघून झाले होते आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मला पाठ झाली होती: अंडंसुद्धा खात नाही, मित्र नाहीत, पाणी जपून वापरतो, आणि आडनाव हे. आडनाव सांगितलं की निम्मे मालक हसत आणि निम्मे खोली नुकतीच गेली म्हणत. यांनी यातलं काहीच विचारलं नाही. मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "नाव?"

मी सांगितलं.

"कोणी ठेवलं?"

"आत्यानं असेल."

"असेल म्हणजे? चौकशी केली नाहीत? बरं, अर्थ?"

मी म्हटलं, देवाचं नाव आहे. ते म्हणाले, देवाचं आहे हे त्यांनाही ठाऊक आहे; देवाला ते का पडलं? त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे रोखली. "सत्तावीस वर्षं एक शब्द अंगात घालून हिंडताय, आणि कापड कुठलं ते माहीत नाही. कमाल आहे." मग आत वळून म्हणाले, "चहा टाक. राहतायत हे."

मी हादरून समोर बघितलं, आणि समोर आफ्रिका होती.

हॉलची अख्खी भिंत. जमिनीपासून छतापर्यंत, हाताने काढलेला, हाताने रंगवलेला, मराठीत लिहिलेला आफ्रिकेचा नकाशा. एरवी लोक त्या भिंतीला शोकेस लावतात. कोपऱ्यात एका फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि बाकी सगळीकडे आफ्रिका. नावं थेट नकाशावर नव्हती. कागदाच्या बारीक पट्ट्यांवर लिहून चिकटवलेली होती, आणि पट्टीखाली पट्टी, तिच्याखाली अजून एक. काही देश तर पट्ट्यांच्या थरांनी भिंतीपासून वर आले होते. मी बोटाने एक चाचपलं.

"नखं लावू नका," ते म्हणाले. "तो देश आहे."

ते सरकारी नकाशा कचेरीत ड्राफ्ट्समन होते. शाळांच्या भिंतीवर टांगायचे मोठे मराठी नकाशे असत ना, त्यांवरची नावं लिहिणं हे त्यांचं काम. तीस वर्षं जगातल्या नद्यांना वळणं देत आणि डोंगरांवर अक्षरं चढवत त्यांनी काढली. मग कचेरीत कॉम्प्युटर आला, त्यात अक्षरं आयती होती, आणि यांना उरलेली वर्षं तो कॉम्प्युटर रफार कुठे विसरतो ते तपासायला बसवलं. त्याबद्दल ते वाईट बोलत नसत. फक्त म्हणत, "त्याला अक्षर येतं. नाव येत नाही."

नावं हा त्यांचा ध्यास होता, आणि त्यातही आफ्रिकेची. कारण विचारलं तर सांगत की बाकीच्या जगाची नावं एकदा लिहिली की गप्प बसायचं. आफ्रिकेने मात्र त्यांना जन्मभर कामाला लावलं. अप्पर व्होल्टा लिहून शाई वाळते न वाळते तो तिथल्या लोकांनी बुर्किना फासो केलं. दाहोमीचं बेनिन झालं. खाणवाल्या एका साहेबाने स्वतःचं आडनाव अख्ख्या देशाला लावलं होतं, ते काढून लोकांनी झिंबाब्वे केलं, म्हणजे दगडी घरं. "झाडातला झ," ते मला बजावत, "झेंड्यातला नाही." चाड या देशाबद्दल तर त्यांना मराठी माणूस म्हणून अभिमान होता. चाड म्हणजे तिकडच्या भाषेत मोठं पाणी, तळं. आणि तिकडचे लोक म्हणे त्याचा उच्चार चाकातल्या च-सारखा करतात, चिमट्यातल्या नाही. म्हणजे सगळ्या जगात तो देश आपणच तेवढा बरोबर उच्चारतो. "इंग्रजांना चाड नाही," असं म्हणून ते स्वतःच बराच वेळ हसत.

दर रविवारी सकाळी मी स्टुलावर चढायचं, काकूंनी केलेली खळ वाटीत धरायची, आणि सुटत आलेल्या पट्ट्या त्यांच्या देखरेखीखाली दाबून बसवायच्या, हे भाड्याइतकंच बंधनकारक होतं. काकू म्हणजे त्यांची पत्नी. नोकरी करून निवृत्त झालेल्या, बोलायला थोड्या, पण जे बोलत ते कुठे लागेल ते बघून बोलत. मी पहिल्या रविवारी स्टुलावर लटपटत असताना त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "पडलात तर काँगोवर पडा. तिथे पट्ट्या जास्त आहेत, लागणार नाही."

त्या काँगोची एक कथाच होती. तिथल्या हुकूमशहाने परक्यांचं नाव नको म्हणून देशाचं नाव झाईर ठेवलं. स्वदेशी म्हणून ठेवलं आणि निघालं भलतंच: तिथल्या नदीला लोक न्झादी म्हणत, म्हणजे सगळ्या नद्या गिळणारी नदी, पोर्तुगिजांच्या जिभेला ते झेपेना, त्यांनी झाईर केलं. म्हणजे परक्यांनी मोडलेला शब्दच यांनी घरचा म्हणून मिरवला. पुढे हुकूमशहा गेला आणि पुन्हा काँगो झालं. नेमका तेव्हा यांच्या कचेरीतून झाईर लिहिलेला नवा नकाशा छापून आला होता. साहेबांनी सांगितलं, राहू दे, पुढच्या छपाईत बघू. यांना राहवेना. दुपारच्या सुट्टीत डबा न खाता गोदामात बसून यांनी गठ्ठ्यातल्या एकेका नकाशावर काँगोची पट्टी चिकटवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी मेमो मिळाला: सरकारी मालमत्तेवर विनापरवाना चिकटवाचिकटवी. तो मेमो त्यांनी फ्रेम करून न्हाणीघराबाहेर लावला होता. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा तोंडातला ब्रश खाली पडला होता.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका अनुस्वारावर उभं होतं. नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. "या निम्म्या देशांना कोणी नाव ठेवलेलं नाही," ते म्हणत, "नावं ठेवलेली आहेत." पोर्तुगीज एका नदीच्या मुखाशी आले, कोळंबी दिसली, झालं: कोळंबीची नदी, त्यावरून कॅमेरून. अख्खा देश कोळंबीवरून. एक इटालियन प्रवासी मादागास्करला गेलासुद्धा नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मोगादिशू ऐकलं, त्याची गफलत करून ते नाव या बेटाला देऊन टाकलं. न बघता नावं ठेवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. नायजेरिया हे नाव एका इंग्रज बाईने वर्तमानपत्रात लेख लिहिताना सुचवलं. इथे ते थांबत आणि खिडकीबाहेर बोट दाखवत. समोर नवी सातमजली इमारत झाली होती, तिचं नाव बिल्डरने 'ओशन पर्ल' ठेवलं होतं. कोथरूडला. "बिल्डर म्हणजे हल्लीचे पोर्तुगीज," ते म्हणत. "उतरायचं, दिसेल ते घ्यायचं, आणि जाताना नाव ठेवून जायचं."

पण त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट सेनेगलची. ती मी किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही, आणि पुढे मी घरी इतक्या वेळा सांगितली आहे की माझी मुलगी 'एकदा काय झालं' म्हटल्याबरोबर उठून जाते. एकदा काय झालं, एक पोर्तुगीज त्या किनाऱ्याला लागला. तिथे कोळी होते. त्याने जमिनीकडे हात केला आणि विचारलं, याला काय म्हणतात? कोळ्यांना वाटलं, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीबद्दल विचारतोय. ते म्हणाले, सुनु गाल. म्हणजे, ही आमची होडी. त्याने लिहून घेतलं: सेनेगल. हे खरं असेलच असं नाही, पंडित लोक मानत नाहीत, असं ते प्रामाणिकपणे सांगत. पण लगेच बोट वर करत, "मराठीत ही गोष्ट एका शब्दात होते. त्याने नाव विचारलं, यांनी नाव सांगितली." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. मीही हसत असे. काकू हसत नसत. मला वाटायचं, शंभरदा ऐकल्यामुळे.

एकच देश त्यांना छळत असे. इथिओपिया. ग्रीकांनी ठेवलेलं नाव, अर्थ भाजलेल्या तोंडांचे. शिवीच म्हणा. जग त्यांना दुसरं एक नाव देतच होतं, अॅबिसिनिया, ज्याच्या मुळातून आपला हबशी आला. पण त्या लोकांनी जगाला सांगितलं, आम्हाला इथिओपियाच म्हणायचं. "आयव्हरी कोस्टवाल्यांनी कळवलं, आमच्या नावाचं भाषांतर करू नका. समजलं. बाकीच्यांनी टाकून दिलं, तेही समजलं. यांनी ठेवलं. का ठेवलं?" इथिओपियावर एकच पट्टी होती. ते तिच्याकडे दाढी करताना आरशात बघावं तसं बघत.

आता माझ्याकडे येतो, म्हणजे फजितीकडे.

माझी नोकरी खराडीच्या बाजूला एका कॉल सेंटरमध्ये. इंग्लंडमधल्या लोकांना त्यांची वॉशिंग मशीन का थांबली ते मिरजेच्या इंग्रजीत समजावून सांगायचं. ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी फळ्यावर नावांची यादी लावली आणि सांगितलं, एकेक घ्या. गिऱ्हाइकाला तुमची नावं उच्चारता येत नाहीत. मला ब्रायन हवं होतं, ते जळगावच्या मुलाने उचललं. माझ्यापर्यंत येईतो स्टीव्ह उरलं होतं. मी घेतलं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. उलट बसस्टॉपवर एकदोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. पण घरी सांगितलं नाही. अनुस्वाराची भीती.

एका रविवारी मी अंगोलावर खळ लावत असताना फोन वाजला. त्यांनी उचलला. "राँग नंबर," म्हणून ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा वाजल्यावर रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे वळले.

"एक माणूस तीनदा चुकत नाही. स्टीव्ह तुम्ही का?"

मी स्टुलावरून मान हलवली. फोनवर कंपनीतला टीम लीडर होता, दुपारी जादा पाळी करशील का विचारत होता. मी हो म्हटलं, ठेवला.

"कोणी ठेवलं?"

"कंपनीनं."

ते खाली बसले. मला वाटलं होतं आता कोळंबी निघेल, पोर्तुगीज निघतील. काही निघालं नाही. नकाशाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं होतं ते संपलं. मी सगळ्या पट्ट्या बदलल्या होत्या." आणि मग उठून टेबलाशी गेले, एक कोरी पट्टी कापली, तिच्यावर माझं नाव लिहिलं, फुंकर मारून वाळवलं आणि माझ्या हातात दिलं. "खिशात ठेवा. तिकडे हरवलात तर कोणाला तरी वाचता येईल." ती पट्टी अजून माझ्या पाकिटात आहे, पॅन कार्डाच्या मागे.

एवढं झाल्यावर माणसाने शहाणं व्हावं की नाही? मी झालो नाही.

आमची आई दर आठवड्याला फोनवर मालकांची चौकशी करायची. लेटरबॉक्सवर काकूंचं नाव होतं, त्यामुळे आडनाव मी तिला सांगितलं होतं. पण ते गावावरून पडलेलं, शेवटी कर असलेलं, त्यावरून तिला पत्ता लागेना. ती म्हणायची, कर म्हणजे काय, कोणीही कर असतो. पूर्ण नाव काय त्यांचं? मला ते खरंच ठाऊक नव्हतं. काकू अहो म्हणत, सोसायटीवाले नकाशेसाहेब म्हणत, मी काका म्हणत असे. विचारायचा धीर झाला नव्हता. नावाचा एवढा नाद असलेल्या माणसाने आपलं सांगितलं नाही, त्या अर्थी काहीतरी असणार. आईचा पुढचा प्रश्न मात्र मला कळत होता, आणि बुद्धाची ती मूर्ती शोभेची नाही हेही एव्हाना कळलं होतं. आईने खोली सोडायला लावली असती. मला खोली सोडायची नव्हती. म्हणून एका रविवारी मी ठोकून दिलं: श्रीधरपंत. हो, आपल्यातलेच.

आईचा आवाज फोनमध्येच उजळला. आणि पंधरा दिवसांनी ती चकल्यांचा डबा घेऊन स्वारगेटला उतरली.

मला रिक्षात सगळं सांगून टाकता आलं असतं. कोथरूडपर्यंत अर्धा तास होता. मी रहदारीबद्दल बोललो.

आई घरात शिरली, कोरी पाटी बघून म्हणाली रंग चाललाय वाटतं, मूर्ती बघून म्हणाली किती छान शोपीस, हल्ली सगळ्यांकडे असतं. मग खुर्चीत बसली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "श्रीधरपंत, तुमच्यामुळे मला घोर नाही हो."

त्यांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी आफ्रिकेकडे.

"आमचं कसलं," ते आईला म्हणाले. "मुलगा चांगला आहे तुमचा."

दोन तास. दोन तास आई श्रीधरपंत म्हणत राहिली आणि ते ओ देत राहिले. तिने आपल्यातल्या ओळखी काढल्या, त्यांनी माहीत नाहीत म्हणून नम्रपणे सांगितलं. तिने चकलीचा आग्रह केला, ते नको म्हणत होते, तर काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "घ्या की श्रीधरपंत. एवढं म्हणतायत." ती चकली खाताना झालेला आवाज मला आजही ऐकू येतो.

आईला बसमध्ये बसवून मी परत आलो. बॅग भरावी लागणार हे धरूनच आलो. ते नकाशासमोर बसले होते.

"श्रीधरपंत," ते म्हणाले. "कोणी ठेवलं?"

"मी."

"नाव चांगलं आहे. पंत तर फारच. पण विचारून ठेवायचं होतं."

मी म्हटलं, आई जुन्या वळणाची आहे, मला खोली सोडायची नव्हती, माझा हेतू वाईट नव्हता. पोर्तुगिजांनीही हेच सांगितलं असतं. ते नुसतं ऐकत होते. त्या गप्प बसण्याने मी कोपऱ्यात सापडलो आणि कोपऱ्यात सापडलेला भित्रा माणूस करतो ते केलं. म्हणालो, "तुम्ही साऱ्या जगाला नाव विचारता, आणि तुमच्या दारावर कोरी पाटी. तिथे नाव असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं का?"

काकू दारात आल्या. हातात कप होता, तो त्यांनी खाली ठेवला.

ते उठले, टेबलाचा खालचा खण ओढला आणि एक कागद माझ्यापुढे धरला. सरकारी राजपत्रात नाव बदलून घ्यायचा अर्ज. जुना, घडीवर पिवळा पडलेला. सगळे रकाने त्यांच्या त्या अक्षरात भरलेले. कारण या रकान्यात लिहिलं होतं: 'नाव ठेवलेले नसून नावे ठेवलेली आहेत.' नवीन नाव, हा एकच चौकोन रिकामा. आणि जुनं नाव, या चौकोनात त्यांचं नाव होतं. मी ते वाचलं. मी पुन्हा वाचलं, कारण ते माणसाचं नाव असेल असं वाटेना. ती एक वस्तू होती. गावाबाहेर वेचून, डोक्यावर वाहून बाजारात विकायची वस्तू.

मग त्यांनी सेनेगलची गोष्ट सांगितली. या वेळी हसले नाहीत.

"वडील मला शाळेत घालायला घेऊन गेले. बाजाराचा दिवस. डोक्यावर ओझं तसंच. आम्ही अंगणात, मास्तर ओसरीवर, पुढ्यात हजेरीबुक. मास्तरांनी टाकाने माझ्याकडे दाखवलं आणि विचारलं, काय म्हणतात रे याला? पोराला कोणी याला म्हणतं का? वडिलांना वाटलं, डोक्यावरच्या ओझ्याबद्दल विचारतायत. सकाळपासून सगळे तेच विचारत होते. त्यांनी सांगितलं. मास्तर हसले, वर्ग हसला, आणि मास्तरांनी तेच लिहिलं."

मग म्हणाले, "पोर्तुगिजाला तिकडची भाषा येत नव्हती. मास्तरांना मराठी येत होतं."

शंभर वेळा मी त्या गोष्टीला हसलो होतो, त्यांच्याच घरात, त्यांच्याच स्टुलावर उभा राहून.

छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, घरादाराचं सगळं बदललं, हे मग काकूंनी सांगितलं. मुलाला वडील म्हणाले, तुझं नाव मी ठेवत नाही, मागच्या वेळी माझ्या तोंडून चुकलं. तू मोठा झालास की तूच ठेव. "तेव्हापासून ठेवतायत," काकू म्हणाल्या. "वाटेल तेवढी नावं काढली. एकही पसंत पडत नाही. मी म्हटलं, मला काय, मी अहो म्हणते. अहोला कोणी नावं ठेवत नाही." मग कप उचलत, सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "शाळेत नाव घातलं त्याच दिवशी ते ओझं विकून सासऱ्यांनी यांना पाटी आणली होती. लिहायची. ती आहे अजून माळ्यावर."

मला त्यांनी जा म्हटलं नाही. फक्त अर्ज पुन्हा खणात ठेवताना म्हणाले, "सुचवायचं असेल तर सुचवा. तुमचा हात बसलाय." मी दुसऱ्या दिवशी सायंकाळी खाली जाऊन आईला फोन केला आणि सांगितलं की ते श्रीधरपंत नाहीत, आपल्यातलेही नाहीत, ते नाव मी ठेवलं होतं.

"आणि ते ओ देत होते?" ती म्हणाली.

"हो."

"दोन तास?"

मी पुन्हा हो म्हटलं. ती म्हणाली, "मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं," आणि फोन ठेवला. खोली सोड असं ती तेव्हाही म्हणाली नाही, नंतरही नाही. दर दिवाळीला चकल्यांचा एक डबा जास्तीचा येऊ लागला. वर चिठ्ठी असे, पण चिठ्ठीवर नाव नसे. कोणाला ते तिला कळत होतं, कशी हाक मारावी ते कळत नव्हतं.

मी काही फार सुधारलो असं समजू नका. स्टीव्ह आणखी दीड वर्षं इंग्लंडमधली वॉशिंग मशीन दुरुस्त करत होता. मग लग्न झालं, वारज्याला फ्लॅट घेतला, आणि स्टूल सुटलं. जाणं कमी होत गेलं. फोनवर ते नव्या पट्ट्यांची खबर देत. मुलगी झाली तेव्हा बारशाचं बोलावणं करायला मी मुद्दाम स्वतः गेलो. वाटेत ठरवलं होतं की या वेळी मुलीचं नाव, ते कोणी सुचवलं आणि त्याचा अर्थ, तिन्ही उत्तरं तयार ठेवायची.

जिना चढून दारापाशी आलो आणि थांबलो.

पाटीवर नाव होतं.

तेच. हजेरीबुकातलं. मास्तरांनी हसत लिहिलेलं. पण ते असं लिहिलं होतं की काय सांगू. शिरोरेषा एका दमात ओढलेली, काना ताठ, वेलांटीला नदीचं वळण. आयुष्यभर दुसऱ्यांचे देश लिहिलेला हात आपल्या घरी आला होता. ते नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या अक्षरात ते पुन्हा मास्तरांचं होईल. ते त्यांच्याच अक्षरात वाचायचं नाव आहे. आणि त्याखाली, बारीक, एक ओळ:

'हे नाव आम्ही ठेवले आहे.'

मी ती ओळ एकदा वाचली आणि चुकीची वाटली. त्यांनी कुठे ठेवलं होतं? मग दुसऱ्यांदा वाचली. वडिलांनी डोक्यावरून वाहिलेलं ते ओझं, त्यातून आलेली ती पाटी, ती माळ्यावर अजून असलेली. टाकून देता आलं असतं. त्यांनी ठेवलं होतं.

माझ्या हातून बेल दोनदा वाजली.

दार उघडलं. कानावर पेन्सिल होतीच. त्यांच्या मागे आफ्रिका दिसत होती. मला पेढ्याचा पुडा पुढे करायचा होता, बारशाचं सांगायचं होतं, ते सगळं राहिलं. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "काका, ठेवलं म्हणजे, कोणत्या अर्थाने?"

त्यांनी पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"वाचणाऱ्याला मराठी येतं," ते म्हणाले, "असं धरून लिहिलंय."